पुढाऱ्याचे पाकीट: केनियातल्या चर्च समितीने देणगी कशी हाताळावी

केनियात रविवारच्या उपासनेला खासदार किंवा मंत्री आला की सोबत पैशांचे पाकीटही येते. वर्गणी काढून शाळा, दवाखाना, चर्च उभारायची ‘हरांबे’ पद्धत तिथे १९६३ पासून सरकारी आशीर्वादानेच रुजली. पुढाऱ्यांनी तिला कधी प्रचाराचे साधन करून टाकले, ते कळलेही नाही. कॅमेरे सुरू आहेत, मंडळी टाळ्या वाजवतेय, अशा वेळी पाळक ‘नको’ म्हणू शकत नाही. तेव्हा नकाराची व्यवस्था आधीच लावून ठेवावी लागते.

पहिले काम ठरावाचे. एक पान पुरे, पण त्यावर समितीच्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. पुढारी इतर उपासकांमध्ये बसेल, व्यासपीठावरून बोलणार नाही. अँग्लिकन आर्चबिशप जॅक्सन ओले सापित यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये हाच नियम घातला, तेव्हा छोट्या चर्चनेही कचरायचे कारण नाही. देणगीची रक्कम वेदीवरून जाहीर होणार नाही. नेहमीच्या रविवारच्या अर्पणाहून मोठी रक्कम समितीने तपासल्याशिवाय खर्ची पडणार नाही. आणि पुढाऱ्याकडून रोख अजिबात नाही: चर्चच्या नावाचे बँक खाते किंवा एम-पेसा या मोबाइल पैसेसेवेचा पेबिल (संस्थेच्या नावे पैसे भरायचा) क्रमांक, एवढेच. पाळकाच्या खासगी मोबाइलवर आलेला पैसा चर्चचा की पाळकाचा, हे नंतर कोणालाच सिद्ध करता येत नाही.

भेटीआधी पुढाऱ्याच्या कार्यालयातून फोन येतोच. चिटणीसाने त्याच दिवशी ठरावाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. तोंडी सांगितलेले ‘आम्हाला कुणी सांगितलेच नाही’ म्हणून उडवले जाते.

गळती बहुतेक वेळा मुख्य दारातून होत नाही. पाकीट गायकवृंदाच्या प्रमुखाच्या, महिला मंडळाच्या किंवा तरुणांच्या गटाच्या हातात पडते. (त्यांना दोष देऊन उपयोग नाही, गणवेश खरोखरच विटलेले असतात.) त्यामुळे ठरावात ‘चर्च आणि त्याचे सर्व गट’ असे स्पष्ट लिहा. १७ नोव्हेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी नैरोबीच्या सोवेतो कॅथलिक चर्चमध्ये पैसे दिले ते असेच वाटून: ६ लाख शिलिंग गायकवृंद आणि मुलांच्या मिशन गटाला, २० लाख धर्मगुरूंच्या निवासासाठी, वर आणखी ३० लाख आणि बस कबूल केली. दुसऱ्याच दिवशी आर्चबिशप फिलिप अन्योलो यांनी पैसे परत करत असल्याचे जाहीर केले. सरकारी पदाधिकाऱ्यांनी हरांबेत भाग घेऊ नये, अशी बंदी त्याच जुलैमध्ये खुद्द रुटो यांनीच जाहीर केली होती!

तपासणी म्हणजे काय? पुढाऱ्याच्या पदाचे वेतन राजपत्रात छापलेले असते. देणगी त्याच्या शेजारी ठेवून पाहा. महिन्याच्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम दर रविवारी वेगवेगळ्या चर्चना जात असेल, तर ‘हे पैसे कुठले?’ असे पत्राने विचारा. उत्तर आले नाही तर परत करा.

परत करतानाच सगळ्यात जास्त चुका होतात. पाकीट आणणाऱ्या मध्यस्थाच्या हाती रोख परत दिली, की ती वाटेतच जिरते आणि चर्चकडे पुरावा उरत नाही. खात्यावर आलेला पैसा त्याच खात्यावर परत पाठवा. रोख आलीच असेल तर दोन साक्षीदारांसमोर मोजून बँकेत भरा, दात्याच्या नावाचा बँकर्स चेक काढा, पत्रासोबत पाठवून पोच घ्या. वहीतली नोंद साधारण अशी असावी: ‘रविवार, दुसरी उपासना. रोख २,००,००० शिलिंग, खासदारांच्या सहायकाकडून, तरुण गटाच्या खजिनदाराकडे. मोजणारे दोघे. सोमवारी बँकेत भरणा. समितीचा निर्णय: परत.’ खाली सह्या. ‘एका हितचिंतकाकडून’ अशी नोंद कधीही करू नका. लेखापरीक्षणात पहिले बोट तिथेच पडते.

पैशासोबत मागणी आली की प्रकरण वेगळे होते. अमुक टेंडरवर बोलू नका, तमुक उमेदवाराचे नाव प्रार्थनेत घ्या, असे काही कानावर आले तर लाचेचा संशय धरावा. २०१६ च्या लाचविरोधी कायद्यानुसार खासगी संस्थेतल्या अधिकाराच्या पदावरील व्यक्तीनेही लाचेची माहिती किंवा संशय २४ तासांत नीतिमत्ता व भ्रष्टाचारविरोधी आयोगाला कळवायचा असतो. समितीची पुढची बैठक होईपर्यंत थांबलात तर मुदत टळलीच. अध्यक्षाला एकट्याने कळवण्याचा अधिकार ठरावातच देऊन ठेवा.

राहता राहिली आश्वासने. कबूल केलेली बस, छताचे पत्रे, सिमेंट अंदाजपत्रकात धरू नका आणि त्यांच्या भरवशावर कंत्राटदाराला पाया खणायला सांगू नका. अर्धवट भिंत उभी राहिली, की उरलेले पैसे मिळवण्यासाठी निवडणुकीआधी त्याच पुढाऱ्याकडे जावे लागते, आणि तेव्हा व्यासपीठ द्यायचे की नाही हे तो ठरवतो.