पेरणीआधी सॅटेलाईटचे फोटो बघताय? आधी टाईम बघा

जून लागला की ग्रुपवर ढगांचे फोटो फिरायला लागतात आणि अरबी समुद्रात पांढरं दिसलं की लोक तिफण काढतात. भावांनो, फोटो कुठल्या सॅटेलाईटचा, किती वाजताचा, हे आधी बघत जा.

नोआ-२० आणि नोआ-२१ हे अमेरिकेचे सॅटेलाईट साधारण ८२५ किमी उंचीवरून ध्रुवांवरून फिरतात, एक चक्कर १०१ मिनिटांची, आणि खाली पृथ्वी फिरत असते म्हणून आपल्याकडे ते दिवसातून साधारण दोनदा, दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास येतात. त्यांचा विर्स कॅमेरा एका फेरीत ३००० किमी रुंद पट्टा टिपतो, फोटो एकदम क्लिअर येतो. पण वळवाचा पाऊस बहुतेक दुपारी तीन-चारनंतर बनतो, म्हणजे सॅटेलाईट निघून गेल्यावर! दुपारच्या फोटोत आभाळ मोकळं दिसलं म्हणून संध्याकाळची फवारणी ठरवू नका. त्यासाठी आपल्या भारताचा इन्सॅट सॅटेलाईट बघा, तो ३६ हजार किमीवर एकाच जागी असतो आणि दर अर्ध्या तासाला फोटो देतो, शिवाय जवळचं रडार बघा आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप ठेवा.

मग ध्रुवावरच्या सॅटेलाईटचा उपयोग काय? माझ्या मते खूप मोठा आहे, फक्त तो फोटोत दिसत नाही. त्यावर एटीएमएस नावाचं मायक्रोवेव्ह यंत्र आहे, ते ढगाच्या आतलं तापमान आणि बाष्प मोजतं, जे साध्या कॅमेऱ्याला जमतच नाही, आणि ही मोजमापं जगभरच्या अंदाजाच्या मॉडेलात जातात. म्हणजे त्याचा फायदा घ्यायचा तर हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज वाचा, मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, मेघदूत ॲपवर मराठीत मिळतो.

आणि पेरणीचा निर्णय मात्र जमिनीवरच. कोरडवाहू सोयाबीन-कापसाला ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खोल गेली पाहिजे, वापसा (माती ओलसर पण चिखल नाही) आला पाहिजे, आणि अंदाजात पुढे पावसाचा मोठा खंड दिसत असेल तर थांबा, दुबार पेरणीचा खर्च कोणालाच झेपत नाही. तोवर घरच्या सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, ७० च्या खाली उगवले तर बियाणं वाढवून पेरा, फारच कमी उगवले तर ते बियाणं पेरूच नका.