बाल्कनीतलं खत: आधी पाचोळा, मग बादली

घरच्या खताला वास येतो तो बहुतेक वेळा ओल्या कचऱ्यामुळे नाही, कोरडा माल कमी पडल्यामुळे. नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायटीच्या आवारात पाचोळ्याचे ढीग लागतात आणि पुष्कळदा जाळले जातात. तेव्हाच दोन-तीन पोती भरून कोरड्या जागी ठेवा. जुलैच्या झडीत सुका पाचोळा शोधून सापडत नाही.

चौघांच्या घराला २० लिटरच्या तीन झाकणाच्या बादल्या पुरतात. एक भरत असते, दोन मुरत असतात. बाजूंना चार बोटांच्या अंतरावर ६-८ मिलिमीटरची भोकं पाडा, तळाला पाच-सहा. बादली दोन विटांवर ठेवून खाली ताटली सरकवा. तळाशी चार बोटं पाचोळा, त्यावर दोन मुठी जुनं शेणखत.

रोजचा नियम सोपा: एक वाटी ओला कचरा, त्यावर एक वाटी चुरलेला पाचोळा. देठं, सालं बारीक चिरून टाका. द्राक्षांच्या हंगामात पाचोळा दीडपट करा, कारण त्या गोड पाण्यावर चिलटं तुटून पडतात. चहाचा चोथा धुऊन टाका. मिसळीची उरलेली तर्री, मटणाची हाडं आणि तेलकट काहीही नको. नारळाची करवंटी व आंब्याची कोय महिनोन्‌महिने तशीच राहते, म्हणून बाहेरच ठेवा. निर्माल्य चालतं, पण दोरा, जर आणि प्लास्टिक काढून. भुसा वापरायचा तर साध्या लाकडाचा. प्लायवूडच्या भुश्यात डिंक-रसायन असतं.

दर तीन-चार दिवसांनी काठीने तळापासून हलवा. मूठभर माल दाबला की हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. गळलं तर पाचोळा वाढवा आणि हलवा. कुजकट वास म्हणजे आत हवा नाही. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओला कचरा जास्त. दोन्हींवर उपाय पाचोळाच. मुंग्या झाल्या तर माल कोरडा पडलाय, एप्रिल-मेच्या उन्हात हे हमखास होतं, पाणी शिंपडा. पांढुरक्या-करड्या जाड अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्या कचराच खातात.

बादली साधारण महिन्यात भरते. मग तिच्यात नवं काही न टाकता दीड-दोन महिने मुरू द्या, हलवणं मात्र चालू ठेवा. तयार खत काळपट, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं असतं. शंका असेल तर मूठभर ओलं खत पिशवीत दोन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर आंबट वास आला तर अजून आठ-दहा दिवस थांबा. कच्चं खत घातल्यास कुंडीतल्या रोपाची मुळं जळतात.

सुका कचरा, तसंच वेगळे बांधलेले डायपर आणि पॅड, जुन्या बॅटऱ्या, औषधं घंटागाडीत वेगवेगळी द्या. खत चाळून एक भाग, माती दोन भाग असं कुंडीत भरा. चाळणीवर उरलेला जाड माल पुढच्या बादलीत विरजण म्हणून टाका.