प्रबंध राहू द्या, आधी खडू धरा

पीएचडीचा व्हायवा झाला, पेढे वाटून झाले. आता सहायक प्राध्यापकाच्या मुलाखती. माझी निवड तिसऱ्या खेपेला झाली, विषय वनस्पतिशास्त्र.

पहिल्या मुलाखतीला चाळीस स्लाइड्स घेऊन गेले होते. खोलीत प्रोजेक्टरच नव्हता. विषयतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, "प्रबंध राहू द्या. ऊस आणि भात, ऊन दोघांना सारखंच. मग ऊस एवढा का माजतो? एफवायची मुलं समोर आहेत असं समजा आणि फळ्यावर सांगा." पाच वर्षांत मी फळ्यापुढे उभीच राहिले नव्हते. उत्तर येत होतं, पण पानाचा छेद काढताना हात अडखळला, खडू दोनदा तुटला.

तेव्हा पदवीचा अभ्यासक्रम काढा, दहा विषय निवडा आणि प्रत्येक पाच मिनिटांत उभ्याने शिकवा. मी कपाटाच्या दारावर लिहायचे, समोर शेजारची बारावीतली मुलगी. उसाच्या पानात शिरेभोवती पेशींचं कडं असतं, अगदी अंबाड्याभोवतीच्या गजऱ्यासारखं. त्या कड्यात कार्बन डायऑक्साइड दाटून राहतो, म्हणून तो पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनच्या नादी फारसं लागत नाही. भाताकडे ही सोय नाही. एवढं तिला कळेपर्यंत मला चार संध्याकाळी लागल्या.

नवीन शैक्षणिक धोरणावर प्रश्न येतोच. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३०. एवढं तरी न चाचरता सांगता यावं.

फाइलीला हलक्यात घेऊ नका. दुसऱ्या मुलाखतीत मी छाननीच्या टेबलावरच अडकले: शोधनिबंधांवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि नाव बदलल्याच्या राजपत्राची प्रत घरी! नेट-सेट या पात्रता परीक्षेचं प्रमाणपत्र, लागू असेल तर जात वैधता, पीएचडी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) कोणत्या नियमावलीनुसार झाली (२००९, २०१६ की २०२२) याचं विद्यापीठाचं पत्र, सगळ्यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच. विद्यापीठाच्या पत्राला वेळ लागतो, आजच अर्ज टाका.

"जागा आधीच ठरलेली असते" असं सांगणारे भेटतील. कधी खरंही असेल. तरी जा, तज्ज्ञांपुढे उभं राहायची सवय दुसरीकडे कुठे होणार?

आणि आदल्या दिवशी कॉलेजात चक्कर मारा. तिसऱ्या वेळी "आमच्या कॉलेजसाठी काय कराल?" असं विचारल्यावर मी म्हटलं, "गेटजवळच्या झाडांवर 'सीता अशोक' अशी पाटी आहे सर, पण तो आसुपालव आहे." प्राचार्य मोठ्याने हसले. रुजू झाल्यावर पाट्या बदलायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.