ट्रॅक्टरचं छत दुसऱ्या उन्हाळ्यात फाटतं? थर्मोफॉर्मिंगच्या या चुका टाळा

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "तुमचं प्लास्टिक उन्हाने खाल्लं." थर्मोफॉर्मिंगने, म्हणजे प्लास्टिकची शीट तापवून व्हॅक्युमने मोल्डवर ओढून, बनवलेलं छत परत आलं की मी आधी भेग कुठे आहे ते पाहतो. मधोमध सपाट भागात ती क्वचितच सापडते. असते ती कोपऱ्यात, नाहीतर स्क्रूच्या भोकाशी. ऊन तर सगळीकडे सारखंच पडलेलं असतं.

साधं एबीएस प्लास्टिक बाहेर वापरलं असेल तर मात्र वेगळी चौकशी नको. त्यातल्या ब्युटाडाइन रबराचे दुहेरी बंध अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तोडतात. आधी पिवळेपणा येतो, मग चमक जाते आणि शेवटी धक्का सोसायची ताकद संपते. एएसए या त्याच्याच जातीच्या प्लास्टिकमध्ये त्या रबराच्या जागी अ‍ॅक्रिलिक रबर असतं, म्हणून ते टिकतं. पण अख्खी शीट एएसएची परवडत नाही, म्हणून खाली एबीएस आणि वर एएसएचा पातळ थर अशी शीट चालते. खऱ्या चुका इथूनच सुरू होतात.

समजा शीट 4 मिमी आणि त्यावर एएसए 0.4 मिमी. कोपऱ्यात ताणून शीट 1 मिमी उरली, तर एएसए उरतो फक्त 0.1 मिमी. ऑर्डरवर लिहिलेला आकडा सपाट शीटचा असतो, ताणलेल्या कोपऱ्याचा नाही. त्यात खोलगट मोल्डमध्ये शीट सगळ्यात शेवटी तळाच्या कोपऱ्यांत पोचते, म्हणून तिथेच सर्वांत पातळ होते. छत त्या मोल्डवर काढलं तर हेच कोपरे छताच्या वरच्या कडा होतात, म्हणजे नेमक्या दिवसभर उन्हात तापणाऱ्या! उंचवट्याच्या मोल्डवर काढलं तर शीट आधी माथ्याला टेकते, माथा जाड राहतो आणि पातळपणा खाली बाजूंना जातो. खोलगट मोल्डच वापरायचा असेल तर व्हॅक्युम सुरू करण्याआधी प्लगने (मोल्डमध्ये बसणाऱ्या ठोकळ्याने) शीट ढकला आणि कोपऱ्यांना मोठा गोलवा द्या. पहिला नग करवतीने कापून कोपऱ्याची जाडी मोजा. एक नग वाया जातो, जाऊ द्या.

शीट उलटी लागणं ही चूक हसण्यावारी नेऊ नका. मोल्ड खाली आणि खोलगट असेल तर एएसएची बाजू खाली हवी, उंचवट्याचा असेल तर वर. ताजा नग दोन्ही बाजूंनी एकसारखा चमकतो, फरक कळतो तो वर्षाने. पॉलिकार्बोनेट शीटलाही हेच लागू, कारण तिचा अतिनील किरण अडवणारा थर बहुधा एकाच बाजूला असतो.

पावसाळ्यात शीटवर बारीक फोड आले तर हीटरला दोष देऊ नका. शीटने ओल धरलेली असते. एबीएस 80 अंशांवर दोन ते चार तास वाळवा. जाड शीटला जास्त वेळ लागतो.

घाई म्हणून शीट नीट न तापवता ओढली, तर आत ताण अडकून राहतो. गडद छत विदर्भाच्या मे महिन्यात चांगलंच तापतं आणि आकार पुन्हा सपाट व्हायला बघतो. छत असं वाकडं झालं की ग्राहक म्हणतो, माल हलका.

आता फिटिंग. इथे मोल्डवाला निर्दोष असतो आणि बोलणी मात्र त्यालाच बसतात. दीड मीटरचं एबीएस छत 40 अंशांच्या फरकाला साधारण 5 मिमी वाढतं, खालची लोखंडी फ्रेम मात्र मिलिमीटरभरही नाही. 6 मिमी स्क्रूला 6 मिमीचंच भोक पाडून पाना करकचून आवळला, तर प्लास्टिकने जायचं कुठे? मधलं एक भोक घट्ट ठेवा, बाकीची लांबट पाडा, रुंद वॉशरखाली रबर द्या. बुडत्या डोक्याचा स्क्रू नको, तो भोक पाचरीसारखं फाडतो.

एक छत तर जेमतेम महिन्यात परत आलं होतं, भोकांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा घेऊन. जाडी ठीक, एएसए योग्य बाजूला, भोकंही लांबट. विचारल्यावर फिटर म्हणाला, "मार्करच्या खुणा थिनरने पुसल्या, साहेब." आता खुणा पेन्सिलीने करतात आणि छत पुसायला साबणाचं पाणी असतं.