साठीच्या आसपास धावताय? या चुका टाळा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी पहाटे ५ वाजता जमणाऱ्या आमच्या गटात बहुतेक जण ५५ ते ७० वर्षांचे आहेत, आणि चांगले धावणारे लोक त्याच त्या चुकांपायी महिनोन् महिने घरी बसलेले मी पाहत आलो आहे.

पहिली चूक म्हणजे रोजच्या सरावाची शर्यत करणे. शेजारचा अर्धे पाऊल पुढे गेला की आपण पाय उचलतो, मग तोही उचलतो, आणि सावकाश धावण्याच्या दिवशी दोघेही धापा टाकत परततात. या वयात स्नायूंची झीज भरून यायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो आणि हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादाही खाली आलेली असते. म्हणून घड्याळ काहीही सांगो, पूर्ण वाक्ये बोलता येईनाशी झाली की मी वेग कमी करतो. नातवंडांच्या शाळेपासून इमारतीच्या पुनर्विकासापर्यंतच्या गप्पा अखंड चालू असल्या, की आमचा वेग बरोबर असतो.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते : दुखणे सोबत्यांपासून लपवणे. एका नोव्हेंबरात आम्ही वरळी, हाजी अली, पेडर रोडमार्गे मरीन ड्राइव्हला निघालो होतो. मुंबई मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरमध्ये पेडर रोडचा चढ पाय थकल्यावर, शेवटच्या टप्प्यात येतो, म्हणून त्याचा सराव हवा होता. आमचे ६४ वर्षांचे एक सोबती आठवडाभर पोटरी दुखत असूनही गप्प राहिले, कारण आपल्यामुळे इतरांचा खोळंबा नको, हा त्यांचा संकोच. हाजी अलीला ते मागे पडले, तेव्हा ‘येतील हळूहळू’ म्हणत मीही पुढे गेलो. चौपाटीवर बराच वेळ थांबूनही ते दिसेनात, म्हणून उलटे गेलो, तर चढाच्या मध्यावर कठडा घट्ट धरून, उजवी टाच जमिनीला न टेकवता ते उभे होते. पोटरीचा स्नायू फाटला होता. जानेवारीची मॅरेथॉन हुकलीच, शिवाय दोन महिने धावणे बंद झाले. मी सोबत असतो, तर हाजी अलीलाच त्यांना टॅक्सीत बसवले असते, हे मला आजही बोचते.

तेव्हापासून निघण्यापूर्वी प्रत्येकाला ‘कुठे दुखतंय का?’ असे नाव घेऊन विचारतो. रविवारी सर्वांत सावकाश धावणाऱ्याचा वेग तोच गटाचा वेग असतो, आणि एक जण ठरवून शेवटी राहतो.

नवे बूट शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नयेत. मुंबईच्या दमट हवेत घामावाटे बरेच मीठ जाते, त्यामुळे लांबच्या पल्ल्यात नुसते पाणी पीत राहणे धोक्याचे आहे; मी लिंबू, मीठ, साखर घातलेली बाटली नेतो. पायांचे व्यायाम आठवड्यातून दोनदा हवेतच.

नव्याने येणारे पहिल्याच दिवशी विचारतात, ‘२१ किलोमीटर किती आठवड्यांत जमेल?’ ही घाई मला पटत नाही. त्यांना मी तीन महिने पार्कभोवतीच्या फेऱ्यांना बोलावतो आणि त्या सोबत्यांच्या जोडीला धावायला लावतो. पोटरी बरी होईपर्यंत ते रोज पहाटे कट्ट्यावर येऊन आमच्या बाटल्या सांभाळत असत. आता रविवारी शेवटी राहण्याचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले आहे.