खरवडलेल्या पानावरचं गणित कसं वाचायचं

सगळ्यात आधी पानाची प्रतिमा नव्वद अंशांत फिरवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन तास मी तेराव्या शतकातल्या प्रार्थनेकडे बघत बसलो होतो आणि तिच्याखाली खरवडलेला अर्किमिडीज कुठे दिसतो ते शोधत होतो.

मी गणिताचा माणूस. ग्रीक लिपी शिकलो ती पन्नाशीनंतर, तीही अर्धीमुर्धी. पण या कामात अर्ध्यामुर्ध्या ग्रीकवरसुद्धा बरंच पुढे जाता येतं, आणि ते कसं हेच इथे सांगतो आहे.

सरावासाठी अर्किमिडीजची पॅलिम्प्सेस्ट घ्या. पॅलिम्प्सेस्ट म्हणजे जुनी शाई खरवडून वर नवा मजकूर लिहिलेली पोथी. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला अर्किमिडीजच्या ग्रंथांची चर्मपत्रावर नक्कल झाली. १२२९ मध्ये योआनेस मिरोनास नावाच्या लेखनिकानं ती पानं धुऊन-खरवडून आडवी केली, मधोमध दुमडली आणि त्यावर प्रार्थनापुस्तक लिहिलं. त्यामुळे जुन्या ओळी नव्या ओळींना काटकोनात जातात. शिवाय अर्किमिडीजचं अर्धं पान एका ठिकाणी आणि उरलेलं अर्धं बरंच पुढे सापडतं, आणि मधल्या काही ओळी नेमक्या शिवणीत गेलेल्या असतात. तेव्हा वाचायला बसण्याआधी दोन्ही अर्ध्या पानांच्या प्रतिमा शेजारी जोडून ठेवा. हे कंटाळवाणं काम टाळलंत तर पुढचं सगळं चुकतं.

प्रतिमा फुकट मिळतात. १९९८ मध्ये ही पोथी न्यूयॉर्कच्या लिलावात वीस लाख डॉलरला गेली. नव्या मालकानं नाव गुप्त ठेवलं, पण पोथी अभ्यासासाठी बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयाकडे दिली आणि २००८ मध्ये सगळ्या प्रतिमा जगासाठी खुल्या झाल्या. एकाच पानाच्या कितीतरी प्रतिमा असतात, वेगवेगळ्या प्रकाशात घेतलेल्या. अतिनील प्रकाशात चर्मपत्र उजळतं आणि शाईचे दोन्ही थर काळे दिसतात. लाल प्रकाशात जुनी शाई जवळजवळ नाहीशी होते, प्रार्थना तेवढी उरते. या दोन्ही एकमेकींवर चढवून कृत्रिम रंगाची प्रतिमा बनवतात. तिच्यात प्रार्थना काळी आणि अर्किमिडीज लालसर दिसतो. सुरुवात हिच्यापासून करा, पण अडलात की मूळ अतिनील प्रतिमेकडे परत जा. रंग चढवलेली प्रतिमा डोळ्याला सोयीची असते, पण बारीक रेघ कधीकधी तिच्यात हरवते.

चार पानांवर विसाव्या शतकात कुणीतरी बनावट सोनेरी चित्रं रंगवली आहेत. तिथे प्रकाश चालत नाही. शाईत लोह आहे, म्हणून स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) क्ष-किरणांनी लोहाचा नकाशा काढला गेला. त्यात पानाच्या दोन्ही बाजूंची अक्षरं एकात एक मिसळून येतात, उलटी आणि सुलटी. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये.

आता वाचन. ज्याचं उत्तर छापील आहे असंच पान निवडा आणि छापील आवृत्ती झाकून ठेवा. ग्रीक गणिताची भाषा अगदी तुटपुंजी असते, आणि आपल्यासाठी हे चांगलंच. तेच ते शब्द ठरलेल्या साच्यात फिरतात. 'होस हे अल्फा-बीटा प्रोस तेन गॅमा-डेल्टा, हूतोस...' म्हणजे 'जशी अबी ही गॅडेला, तशी...', थोडक्यात गुणोत्तर. 'होस' दिसलं की पुढे कुठेतरी 'हूतोस' येणारच, आणि मधे दोन जोड्या असणार. असे पंधरा-वीस साचे वहीत लिहून भिंतीवर लावा.

त्याहून मोठी किल्ली म्हणजे लिंग. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे जड जातं. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून येतं. ग्रीक गणितात 'रेषा', 'वर्तुळ', 'बिंदू' हे शब्द बहुधा गाळलेले असतात, उरतं फक्त उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखा छोटा शब्द. 'हे' हे स्त्रीलिंगी उपपद आलं तर रेषा किंवा कोन. 'हो' हे पुल्लिंगी आलं तर वर्तुळ. 'तो' हे नपुंसकलिंगी आलं तर बिंदू, त्रिकोण, चौरस किंवा आयत. म्हणजे ग्रीकचं 'तो' हे आपलं 'ते'. इथे मराठी माणूस हमखास घसरतो, आणि मीही घसरलो. 'हुपो अल्फा-बीटा-गॅमा' याच्या आधी 'हे' असेल तर तो कोन असतो. 'तो' असेल तर अबी आणि बीगॅ या बाजूंचा आयत. एका डागाळलेल्या ओळीत मी 'हे' वाचलं आणि तीन संध्याकाळी समरूप त्रिकोण मांडत बसलो. सिद्धता फार सुंदर जमली होती. मग ग्रीक जाणणाऱ्या पण गणिताचं वावडं असलेल्या एका स्नेह्याला नुसती ओळ दाखवली. तो म्हणाला, "इथे 'तो' आहे, वरची आडवी रेघ दिसत नाही का?" दिसत होती. मीच बघत नव्हतो.

म्हणून वहीचा एक नियम सांगतो. स्पष्ट दिसलेलं अक्षर तसंच लिहा. अर्धवट दिसलेल्या अक्षराखाली ठिपका द्या. न दिसलेलं, पण गणितानं सुचवलेलं अक्षर चौकटी कंसात टाका. ठिपका आणि कंस यांची गल्लत कधीच करू नका. डोळ्यानं काय दिलं आणि डोक्यानं काय भरलं, हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

डोक्यानं भरणं वाईट नाही. आकड्यांच्या बाबतीत तर तोच आधार आहे. ग्रीक आकडे म्हणजे अक्षरंच. मोठ्या (कॅपिटल) अक्षरांच्या लिपीत थीटा, एप्सिलॉन आणि ओमिक्रॉन ही तिन्ही गोल, आणि किड्यानं किंवा डागानं मधली रेघ खाल्ली की तिन्ही जवळजवळ सारखीच. 'वर्तुळाचं मापन' या ग्रंथात अर्किमिडीज ५७१ आणि १५३ यांच्या वर्गांची बेरीज करतो. ती अशी लिहिली जाते: लॅम्डा-डेल्टा म्हणजे चौतीस दशसहस्र, मग थीटा ९०००, उप्सिलॉन ४००, नी ५०. समजा थीटाच्या जागी नुसता गोल उरला आहे. थीटा की एप्सिलॉन, म्हणजे ३,४९,४५० की ३,४५,४५०? करून बघा: ३,२६,०४१ अधिक २३,४०९. झाला निकाल. तरीही वहीत थीटाखाली ठिपका द्यायचा, कारण लेखनिकानं चुकीचं अक्षर लिहिलेलं असू शकतं. गणित बरोबर असणं वेगळं, पानावर काय लिहिलंय ते वेगळं.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण याच पोथीत आहे. डेन्मार्कचे ग्रीक ग्रंथांचे अभ्यासक योहान लुडविग हायबर्ग यांनी १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ही पोथी पाहिली आणि भिंग व फोटो यांच्या जोरावर अर्किमिडीजचा 'पद्धती' हा हरवलेला ग्रंथ वाचून काढला. थक्क करणारं काम आहे ते. पण चौदाव्या सिद्धतेतला एक तुकडा त्यांना वाचता आला नाही. २००१ मध्ये ग्रीक गणिताचे अभ्यासक रेव्हिएल नेट्झ आणि केन साइतो यांनी तिथेच डोकं घातलं, आणि निघालं काय? 'संख्येनं समान'. अर्किमिडीज दोन अनंत समूहांची एकास एक तुलना करत होता. ग्रीक गणितात असं काही असेल अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. ती जागा 'साहजिक' वाटणाऱ्या शब्दांनी कुणी भरून टाकली असती, तर तिथे पुन्हा कोण बघायला गेलं असतं?

आकृत्याही तशाच जपा. छापील आवृत्त्यांतल्या आकृत्या बहुतेकदा संपादकानं नव्यानं, शुद्ध करून काढलेल्या असतात. हस्तलिखितातली आकृती वेडीवाकडी असते. बहुभुजाच्या बाजू चक्क वक्र काढलेल्या दिसतात, त्या वर्तुळाला चिकटून जाऊ नयेत म्हणून. ती जशी आहे तशी ट्रेस करा. सुधारायचा मोह फार होतो.

ग्रीक प्रतच उरलेली नसेल तर अरबीकडे वळा. ग्रीक गणिती अपोलोनियसच्या 'शंकुच्छेदां'चे पहिले चार खंड ग्रीकमध्ये आहेत, पाच ते सात फक्त अरबीत, आणि आठवा कुठेच नाही. डायोफँटस या दुसऱ्या ग्रीक गणित्याचे चार हरवलेले खंड १९६८ मध्ये इराणमधल्या मशहदच्या ग्रंथालयात कुस्ता इब्न लूकाच्या अरबी भाषांतरात सापडले.  इथली चूक वेगळ्या जातीची असते. भाषांतरकारांनी आकृतीची अक्षरं अबजद क्रमानं (अरबी अक्षरांच्या जुन्या, आकड्यांशी जोडलेल्या क्रमानं) बदलली: गॅमाची झाली 'जीम', एटाची झाली 'हा'. या दोन अक्षरांत फरक फक्त एका ठिपक्याचा. लेखनिक ठिपके सर्रास गाळतात. त्यामुळे अरबी प्रत वाचताना गॅमा आणि एटा हे बिंदू नेहमी आकृतीशी ताडून पाहा.

आठवा खंड? इंग्रज शास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १७१० मध्ये पॅपस या उत्तरकालीन ग्रीक गणित्याच्या टिपणांवरून तो स्वतः रचला आणि आपली पुनर्रचना आहे हे सांगूनच छापला. तुमच्या वहीतही अशा रचनेला वेगळं पान द्या, शक्यतो वेगळ्या शाईत.

माझ्या वहीतल्या त्या आयताच्या ओळीत 'तो' आता स्पष्ट लिहिलेला आहे. त्याच्या पुढच्या अक्षराखाली मात्र अजून ठिपका आहे. गॅमा असावा. त्यावाचून सिद्धता चालत नाही, पण प्रतिमेत मला नुसती उभी रेघच दिसते.