स्कॅनमधले अनुस्वार पुसट का येत होते

नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांचे जेपेग स्कॅन धूसर यायचे. अक्षरांभोवती राखाडी कण, लाल शिक्का फिसकटलेला, अनुस्वार शिरोरेषेला चिकटलेले. ‘सभासदाची’ आणि ‘सभासदांची’ यांत फरक त्या एका ठिपक्याचाच असतो!

स्कॅनर ठीक होता, दोष जेपेग या साठवण-प्रकाराचा. जेपेग चित्राचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडून डीसीटीने (चित्र संथ ते वेगवान लहरींत मांडणाऱ्या गणिताने) प्रत्येकाचे ६४ गुणांक, म्हणजे एकेका लहरीचा वाटा, काढते, ते तक्त्यातल्या आकड्यांनी भागून पूर्णांकात आणते. खरे नुकसान इथे होते. उजळपणाच्या नेहमीच्या तक्त्यात, सेव्ह करताना निवडलेल्या क्वालिटी ५० ला पहिला आकडा १६, शेवटचा ९९. ९० ला ३ आणि २०. आकडा लहान, तितके नुकसान कमी. अक्षराची तीक्ष्ण कड उच्च वारंवारतेच्या (वेगवान लहरींच्या) गुणांकांवर टिकून असते. ते शून्य झाले की कडेभोवती लहरी उमटतात.

मूळ कागद ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) पीएनजीत, म्हणजे काहीही न गमावणाऱ्या प्रकारात, पुन्हा स्कॅन केले. सरळ करणे, कातरणे त्यातच. जेपेग एकदाच, शेवटी, क्वालिटी ९० ला. जेपेगच कातरून सेव्ह केले तर चौकोनांची जाळी सरकते आणि जुन्या चुकीवर नवी चढते. शिक्क्याच्या लाल रंगासाठी जेपेग सेव्ह करतानाच्या रंगाच्या पर्यायांत ४:२:० ऐवजी ४:४:४ (रंग पूर्ण तपशिलात) निवडा, नाहीतर रंगाचे रिझोल्यूशन दोन्ही दिशांनी निम्मे होते. फाइल फुगते, फुगू द्या.